गेलेल्या खेळाडूचे वेतन

अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या संघटनेने १९९४ साली प्रत्येक संघाच्या वार्षिक वेतनखर्चावर जी कमाल मर्यादा घातली, तिच्यातून निसटण्याची वाट जमाखर्चाच्या वहीतच सापडते. कारण करारावरील सहीसरशी खेळाडूला रोख मिळणारी बक्षिसी हिशेबात पाच वर्षांपर्यंत विभागून मांडता येते. मात्र मुदतीपूर्वी त्यास निरोप दिल्यास उरलेले हप्ते आणि हमीचे वेतन, फार तर दोन वर्षांत, संघाच्याच नावे पडते. डेन्व्हर ब्रॉन्कोजने २०२४ मध्ये क्वार्टरबॅक रसेल विल्सनला मुक्त केले तेव्हा हा मृत भार सुमारे ८.५ कोटी डॉलर भरला. त्या वर्षीची मर्यादाच २५.५४ कोटी! हे धाडस मला मुत्सद्दीपणाचे वाटते, कारण बो निक्स या अल्पवेतनी नवोदितावर भिस्त ठेवून संघाने त्याच हंगामात, २०१५ नंतर प्रथमच, प्लेऑफ गाठले.