‘सीनियर’ : वय, क्रम आणि पद

इंग्रजीतील ‘सीनियर’ हा शब्द मराठी बोलण्यात इतका रुळला आहे की, त्याचा अर्थ सांगण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. मात्र मराठीत त्याचा अनुवाद करावयाची वेळ आली म्हणजे त्यातील अर्थांची गुंतागुंत ध्यानात येते.

हा शब्द मूळचा लॅटिन. ‘वृद्ध’ या अर्थाच्या ‘सेनेक्स’चे ते तरभाववाचक रूप होय, संस्कृतातील ‘सन’ म्हणजे ‘जुना’, हा त्याचाच सगोत्र. स्पॅनिश ‘सेन्योर’, इटालियन ‘सिन्योरे’ आणि इंग्रजी ‘सर’ हे आदरार्थी शब्दही याच कुळातील. वयाने मोठा तो मानाने मोठा, हा अर्थविस्तार त्यांत स्पष्ट दिसतो. मूळच्या तरभावाची एक खूण इंग्रजीतही उरली आहे : ‘सीनियर’नंतर तुलनेसाठी ‘दॅन’ न येता ‘टू’ येते.

आजच्या वापरात या शब्दामागे तीन निरनिराळी मापे आहेत. पहिले वयाचे. ‘सीनियर सिटिझन’ म्हणजे भारतात २००७ च्या कायद्यानुसार साठ वा अधिक वर्षांची व्यक्ती. दुसरे सेवाक्रमाचे. १९७३ साली न्या. शेलाट, हेगडे व ग्रोव्हर यांना डावलून न्या. राय यांस सरन्यायाधीश नेमले, तेव्हा वाद माजला तो वयाच्या नव्हे, तर सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकीच्या क्रमाच्या प्रश्नावरून. तिसरे माप पदाचे वा गुणवत्तेचे. १८९९ मध्ये र. पु. परांजपे केंब्रिजचे ‘सीनियर रँग्लर’ झाले. तेथे वयाचा काडीमात्र संबंध नव्हता. गणिताच्या परीक्षेतील अग्रस्थान एवढाच त्याचा अर्थ.

मराठीत यासाठी प्रामुख्याने ‘ज्येष्ठ’ व ‘वरिष्ठ’ असे दोन शब्द आहेत. पाणिनीने ‘ज्येष्ठ’ची सिद्धी ‘प्रशस्य’ आणि ‘वृद्ध’ या दोन्ही शब्दांपासून सांगितली आहे. म्हणजे श्रेष्ठत्व व वय यांची सांगड संस्कृतातही जुनीच. शासनव्यवहाराने मात्र बरीच विभागणी केली. ‘ज्येष्ठ नागरिक’ वयावरून, ‘सेवाज्येष्ठता’ नोकरीच्या क्रमावरून, ‘वरिष्ठ लिपिक’ पदावरून. म्हणूनच ‘वरिष्ठ लिपिकांत सेवाज्येष्ठ कोण?’ हा प्रश्न मराठीत निःसंदिग्धपणे विचारता येतो. इंग्रजीत त्यासाठी ‘सीनियर’चीच द्विरुक्ती करावी लागते.

ही सोय अनुवादकाच्या हलगर्जीपणाने सहज नष्ट होते. बढतीच्या नियमात नुसते ‘ज्येष्ठ’ लिहिले, तर वय धरावयाचे की सेवा, हा प्रश्न उभा राहतो आणि त्याच्या उत्तरावर एखाद्याची बढती अवलंबून असते. सबब ‘सीनियर’साठी एकच ठरीव प्रतिशब्द शोधणे व्यर्थ होय. मोठेपण कोणत्या मापाने मोजले आहे, हे प्रथम पाहावे. शब्द त्यानंतर निवडावा.