क्रँक किती लांब?

आमच्या सायकल क्लबाने यंदा एक माउंटन बाइक सुटे भाग आणून बांधली. फ्रेम, चाके, ब्रेक यांवर फारशी चर्चा झाली नाही. वाद रंगला तो क्रँकवर. उंच सीनियर मंडळींना १७५ मिमी हवी होती, कारण दांडा जितका लांब तितका जोर जास्त. मी १६५ मिमीच्या बाजूने होतो आणि शेवटी तीच बसली. पालकांनाही सुट्टीत मुलासाठी सायकल घेताना उपयोग होईल, म्हणून कारणे इथे लिहितो.

पायडल ज्या दांड्याला लागते तो क्रँक. त्याची लांबी मोजतात ती बीबी एक्सलच्या मध्यापासून पायडलच्या एक्सलच्या मध्यापर्यंत. बहुतेक क्रँकवर आतल्या बाजूला, पायडलच्या भोकाजवळ, हा आकडा कोरलेला असतो. मोठ्यांच्या माउंटन बाइकवर साधारणपणे १६५, १७० आणि १७५ दिसतात. तयार गाडी घेताना चालवणाऱ्याची उंची सहसा कुणी विचारत नाही. जी क्रँक लागून आली ती आली.

आधी जोराचे पाहू. फिजिक्सच्या तासाला मोमेंट शिकलेल्या कुणालाही हे पटेल की १७५ ऐवजी १६५ घेतली तर त्याच चढावर पायाने सुमारे ६ टक्के जास्त दाब द्यावा लागेल. सीनियरांचे इथपर्यंत बरोबर आहे. पण सायकलला गिअर असतात! पुढचे चेनव्हील ३२ दात्यांऐवजी ३० दात्यांचे लावले की जवळजवळ तेवढाच भार उतरतो. त्या बदल्यात पाय थोडे जास्त वेळा फिरवावे लागतात. १७५ वर एका फेरीत पाऊल सुमारे १,१०० मिमी जाते, १६५ वर १,०३७ मिमी. म्हणजे पावलाचा वेग तोच ठेवला तर मिनिटाला ८० फेऱ्यांच्या जागी ८५ होतात. दम तेवढाच लागतो.

मार्टिन आणि स्पिर्डुसो या संशोधकांनी २००१ मध्ये १६ सायकलपटूंना १२० पासून २२० मिमीपर्यंतच्या पाच क्रँकवर पूर्ण ताकदीने पायडल मारायला लावले होते. १४५, १७० आणि १९५ यांच्यात फरक किरकोळ निघाला. ताकद ठळकपणे घटली ती दोन टोकांना. आम्ही भांडत होतो १० मिमीवरून.

मग हे १० मिमी महत्त्वाचे कुठे? एक तर जमिनीपाशी. बीबीचा मध्य जमिनीपासून ३१० मिमीवर असेल, तर १७५ च्या क्रँकवर खाली आलेल्या पायडलचा एक्सल १३५ मिमीवर येतो, १६५ वर १४५ मिमीवर. त्यातून पायडलची निम्मी जाडी आणि बुटाचा तळ वजा करा. पुढचा शॉकअप दबला की आणखी थोडे जाते. उतारावर पायडल आडवे धरून दगड चुकवता येतो. खड्या चढावर मात्र पाय थांबवले की सायकलच थांबते, आणि नेमके तिथेच पायडल दगडावर किंवा मुळावर आपटून स्वार बाजूला पडतो. ती बाजू दरीची असू शकते. डोंगरातल्या वाटेवर मला हाच मुद्दा सर्वांत मोठा वाटतो.

दुसरे, गुडघा. क्रँक १० मिमीने आखूड केली की पाय खाली तेवढाच ताणला जावा म्हणून सीट १० मिमी वर घ्यावी लागते. (हे विसरलात तर सगळा फायदा गेला.) वरच्या टोकाला पायडल १० मिमी खाली आणि सीट १० मिमी वर, म्हणजे गुडघ्याला २० मिमी मोकळीक. सहा फुटी कॅडेटला ती जाणवणारही नाही. नववीतल्या पाच फुटी मुलाचा गुडघा लांब क्रँकवर दर फेरीला छातीकडे येतो आणि कंबर सीटवर डुलते, तेव्हा त्याला ती हवीच असते.

क्लबची गाडी नववीपासून बारावीपर्यंत सगळे चालवतात. सीट अर्ध्या मिनिटात वरखाली होते, क्रँक होत नाही. उंच मुलाचे आखूड क्रँकवर फारसे बिघडत नाही, बुटक्याचे लांब क्रँकवर बिघडते. म्हणून सामायिक गाडीला १६५. स्वतःची गाडी बांधणाऱ्या उंच सीनियरने खुशाल १७५ लावावी. धाकट्या भावंडासाठी १५२ किंवा १६० मिळत असेल तर तीच शोधावी.

विकत घेण्याआधी फ्रेमच्या बीबी शेलची रुंदी मोजा, ती सहसा ६८ किंवा ७३ मिमी असते. बीबी चौकोनी एक्सलची आहे की २४ मिमीच्या पोकळ एक्सलची, तेही पाहा. जुने भाग जमवत असाल तर दोन्ही बाजूंचा आकडा वाचून घ्या, डावी १७० आणि उजवी १७५ अशी जोडी हाती येऊ शकते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते हाताने सहज फिरत नसेल तर पाना लावू नका. काढून, ग्रीस लावून, पुन्हा सरळ धरून फिरवा.