दर उतरले, नफ्याचं काय झालं?

२००३ साली शाखेच्या काउंटरवर मुदत ठेवीच्या पावत्या बदलून देताना मान वर करवत नसे. पाच वर्षांपूर्वीची पावती बारा टक्क्यांच्या आसपासची, नवी जेमतेम साडेपाचची. एक निवृत्त मास्तर जुनी पावती हातातून सोडेनात. "साहेब, माझं व्याज अर्ध्यावर आलं. मग बँकेला एवढा नफा कुठून होतो?" मला तेव्हा नीट सांगता आलं नाही.

तो नफा रोख्यांचा होता. ठेवींचा २५ टक्के हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवणं सक्तीचं, आणि बँकांकडे त्याहून बरेच जास्त रोखे होते. दहा टक्के व्याजाचा, दहा वर्षं मुदत उरलेला शंभराचा रोखा घ्या. बाजारातला दर पाचावर आला की त्याला सुमारे १३९ रुपये मिळतात. बँका असे रोखे विकत गेल्या. पण आलेला पैसा पुन्हा पाच टक्क्यांनीच गुंतवायचा! पुढच्या दहा वर्षांचं व्याज एकाच ताळेबंदात उचललं गेलं, आणि ते कर्तबगारी म्हणून मिरवलं गेलं याचं मला आजही वाईट वाटतं. २००४मध्ये दर फिरले, भाव पडले. सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने रोखे मुदतीपर्यंत राखण्याच्या गटात हलवायची एकवार मुभा दिली, म्हणजे पुढची घसरण नफ्याला झोंबणार नाही.

दुसरी कळ बचत खात्यात आहे. हा पैसा स्वस्त, म्हणून दर चढे असताना बँकेची खरी कमाई तिथे. पण स्वस्ताईला तळ असतो. मे २०२०मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना उसने देते तो दर, ४ टक्क्यांवर आला, स्टेट बँकेचा बचत दर २.७० झाला. कर्जाला गिऱ्हाईक नाही म्हणून पडून राहिलेला पैसा रिझर्व्ह बँकेकडे ठेवला तर ३.३५ टक्के. खात्यांचा, शाखांचा खर्च वजा करता उरणार काय?

ऑक्टोबर २०१९पासून घरासारखी नवी तरत्या दराची कर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेली आहेत. त्यामुळे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३मध्ये रेपो ४ वरून ६.५० झाला तेव्हा कर्जाचं व्याज लगेच वाढलं, ठेवींचं सावकाश. त्या आर्थिक वर्षात सरकारी बँकांचा एकत्रित नफा एक लाख कोटींपलीकडे गेला. २०२५मध्ये गाडी उलटी फिरली. जूनपर्यंत रेपो ५.५० वर आला, कर्जांचं व्याज घटलं. सात टक्क्यांच्या पावत्यांवर मात्र मुदत भरेपर्यंत सातच द्यायचे.