गायरानाची मालकी आणि गायरानाचा उपभोग

देशावरील किंवा मराठवाड्यातील एखाद्या खेड्याच्या गायरानाचा सातबारा उतारा काढून पाहिला, तर भोगवटादाराच्या जागी बहुधा सरकारचे नाव आढळते आणि गावाचा उल्लेख, असलाच तर, इतर हक्कांच्या रकान्यात सापडतो. जिथे गावची गुरे पिढ्यान्‌पिढ्या चरली, जिथून गोरगरिबांच्या चुलीला सरपण मिळाले, ती जमीन गावाच्या स्मरणात गावाची आणि दप्तरात सरकारची, ही दुहेरी स्थिती एका दिवसात उत्पन्न झालेली नाही.

पेशवाईत घोडदळाच्या वैरणीसाठी राखलेली सरकारी कुरणे होती आणि गावची चराई त्यांहून निराळी होती. कंपनी सरकारच्या अमदानीत, 1835च्या सुमारास, गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून जी पैमाष आरंभिली, तिने प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराला आकार आणि प्रत्येक आकाराला एक जबाबदार खातेदार नेमून दिला. मात्र ज्या जमिनीचा उपभोग सारे गाव घेते आणि सारा कोणीच भरत नाही, अशा जमिनीला त्या चोख हिशेबात स्वतःचे असे स्थान उरले नाही. पुढे 1879च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या कलम 37ने रस्ते, नदीनाले आणि ज्यांवर दुसऱ्या कोणाची मालकी नाही अशा समस्त जमिनी सरकारच्या ठरविल्या, आणि लगेच पुढच्या कलमात गावच्या गुरांसाठी त्यांतील काही जमीन राखून ठेवण्याची मुभा अंमलदारांना दिली. म्हणजे जो वहिवाटीचा हक्क होता, तो मेहेरबानी झाला. महात्मा फुले यांनी 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने गायराने गिळल्याची तक्रार आहे, ती याच काळाची.

स्वराज्य आले. निजामी मुलखात तोवर 1317 फसलीचा हैदराबादी महसूल कायदा चालत असे. 1966च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने राज्याच्या निरनिराळ्या भागांतील असे कायदे एकत्र केले. तथापि संहितेचे कलम 20 आणि कलम 22 वाचताना 1879च्या कायद्याची आठवण पदोपदी होते. धनी बदलला, दस्तऐवजाचा मायना तोच राहिला.

या मायन्याला पहिला खरा धक्का दिला तो भूमिहीनांनी. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1959 साली आणि पुन्हा 1964 साली जे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यांत पडीत सरकारी जमीन कसणाऱ्याला द्यावी ही मागणी अग्रभागी होती. ज्याला गावात शेत नाही, त्याच्याजवळ गुरे तरी किती असणार, आणि गुरे नसलेल्याला मोफत चराईचा उपयोग काय? गायरान सर्वांचे, हे वचन त्याच्यापुरते पोकळच होते. मराठवाड्यात दलित कुटुंबांनी गायरानातील खडकाळ तुकडे फोडून ज्वारी-बाजरी पिकविली, तेव्हा त्यांना गावच्या सवर्णांचा रोष पत्करावा लागला आणि महसूल खात्याच्या नोटिसाही. अखेर 14 एप्रिल 1990पर्यंतची अशी वहिवाट अटींवर नियमानुकूल करण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. पण धोरण मंत्रालयात ठरते आणि नाव सातबाऱ्यावर तलाठ्याच्या हातून चढते, आणि या दोहोंमधील अंतरात अनेकांची उभी हयात गेली.

पंजाबातील एका गावतळ्याच्या जमिनीवरून उद्भवलेल्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. निकाल योग्यच होता. शिवाय भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेले पट्टे आणि सार्वजनिक शाळा-दवाखाने यांचा अपवादही त्याच निकालात नमूद आहे. अंमल करताना मात्र आदेश तेवढा लक्षात राहतो आणि अपवादाचा विसर पडतो.

आणि याच काळात खुद्द सरकारच्या हातून गायराने आटत आहेत. 2017 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी ठिकठिकाणी गायराने दिली जात आहेत. शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी या हेतूला कोण नावे ठेवील? पण दोन एकर कसणारा अतिक्रमक आणि शेकडो एकरांवर कुंपण घालणारा प्रकल्प विकासाचा, हा भेद न्यायाच्या कोणत्या तराजूत बसतो, ते मला उमगत नाही. मेंढराला तर कुंपण दोन्हीकडे सारखेच.

माझे मत असे, की सरकारने गायरानाचे धनी म्हणून नव्हे, विश्वस्त म्हणून वागावे, आणि ग्रामसभेची खुली संमती असल्यावाचून गायरानाचा एकही गट दुसऱ्या कामाला देऊ नये. संमती घ्यायची तर गावाला आपल्या जमिनीची माहिती हवी. सरकारी जमिनींची नोंद गाव नमुना 1-ब मध्ये आणि अतिक्रमणांची 1-ई मध्ये असते. दोन्हींच्या नकला कोणाही नागरिकाला मागता येतात. वाचकहो, यंदा दिवाळीला गावी गेलात, तर त्या जरूर मागा आणि येत्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा.