गोळी झाडणारा म्हणतो, ‘मला वाटलं…’

११ नोव्हेंबर २००६. भरदुपारी वाशीतून रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया आणि त्याच्या एका मित्राला उचलून नेलं गेलं. लखनभैयाचा भाऊ, वकील रामप्रसाद गुप्ता, यांनी त्याच दुपारी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स केले : भावाला नेलंय, त्याच्या जिवाला धोका आहे. संध्याकाळी वर्सोव्यातल्या नाना-नानी पार्कजवळ लखनभैया पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. पोलिसांनी सांगितलं, शरण यायला बजावलं तर त्याने हत्यार काढलं, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळीबार करावा लागला.

गुन्हा नोंदला गेला तोही मेलेल्या माणसावर.

स्वसंरक्षणाच्या बाबतीत पोलिसाचा हक्क तुमच्याआमच्यापेक्षा तसूभरही मोठा नाही. जुन्या भारतीय दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो ३४ ते ४४ मध्ये आहे. जिवाला धोका समोर उभा असावा लागतो, तो टाळण्यापुरतंच बळ वापरता येतं आणि धोका संपला की हक्कही संपतो. अटक करताना पोलीस बळ वापरू शकतात, पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, अशा माणसाचा जीव घेण्याचा अधिकार अटकेच्या कायद्यातून मिळत नाही.

शिवाय ‘स्वसंरक्षण केलं’ म्हणणारा एक गोष्ट कबूल करून बसतो : गोळी माझीच. मग तसा प्रसंग खरंच ओढवला होता, हे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. सरकारी पक्षासारखं संशयातीत सिद्ध करावं लागत नाही, त्याची हकीकत जास्त संभाव्य वाटली तरी पुरतं. लखनभैयाच्या खटल्यात नेमकी तीच टिकली नाही. जो माणूस दुपारीच ताब्यात होता, त्याच्याशी संध्याकाळी अचानक गाठ पडणार कशी? त्या तारांच्या वेळा वकिलांच्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बोलत होत्या.

त्या मित्राची साक्ष मात्र कोर्टापुढे कधीच झाली नाही. मार्च २०११ मध्ये, साक्षीच्या तोंडावर, तो बेपत्ता झाला आणि पुढे त्याचा मृतदेह सापडला. जुलै २०१३ मध्ये सेशन्स कोर्टाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवलं, पण आरोपींपैकी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना निर्दोष सोडलं. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने ती सुटका रद्द करून शर्मा यांना जन्मठेप दिली. त्यांनी सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि तिथे त्यांना जामीन मिळाला.

‘वरून हुकूम होता’ हा बचावही याच प्रकरणात मोडीत निघाला. आरोपी पोलिसांचा जामीन रद्द करण्याच्या निकालात २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्युरेम्बर्गच्या खटल्यांची आठवण करून दिली : हुकूम पाळला म्हणणारे तिथे फासावर गेले होते. बेकायदा हुकूम नाकारणं हे पोलिसाचं कर्तव्य आहे, असं न्यायालयाने बजावलं.

‘मला वाटलं…’ हा दुसरा बचाव याहून नाजूक आहे, कारण त्यात माणूस खोटं बोलत नसेलही. मुलुंडच्या एखाद्या टॉवरमध्ये लिफ्टमधून एक मजला वर उतरावं आणि दुसऱ्याच्याच दाराला किल्ली लावावी, हे कुणाच्याही हातून होऊ शकतं. अमेरिकेतल्या डॅलस शहरात सप्टेंबर २०१८ मध्ये ॲम्बर गायगर ही पोलीस अधिकारी ड्युटी संपवून घरी निघाली. तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता, ती चौथ्यावर गेली. आतला माणूस घुसखोर वाटला आणि तिने गोळी झाडली. बोथम जीन आपल्याच घरात मारला गेला. स्वसंरक्षण आणि वस्तुस्थितीबाबतची चूक, असे दोन्ही बचाव तिने घेतले. ज्यूरीने तिला खुनासाठी दोषी ठरवलं आणि १० वर्षांची शिक्षा दिली. अपील कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं, घर चुकलं असेल, पण समोरच्याला मारायचा इरादा चुकून झालेला नव्हता.

भारतात ही चूक माफ करणारं कलम पूर्वी ७९ होतं, आता १७ आहे. ते चूक झाली एवढ्यावर थांबत नाही. समज प्रामाणिक हवी आणि प्रामाणिकपणाची कायद्यातली व्याख्या कडक आहे : योग्य काळजी न घेता केलेली कुठलीही गोष्ट सद्भावनेने केलेली नव्हे. १९५२ मध्ये नागपूर हायकोर्टाने चिरंगी नावाच्या माणसाला सोडलं होतं. त्याने आपल्याच मुलावर वाघ समजून कुऱ्हाड चालवली होती. तो आजारी होता, त्याला भ्रम झाला होता, आणि समोर खरंच वाघ असता तर त्याचं कृत्य गुन्हा ठरलं नसतं.

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. समज खरी निघाली असती तरी गोळी कायदेशीर ठरली असती का? ३१ मार्च १९९७ रोजी दिल्लीच्या कॅनॉट प्लेस भागात क्राइम ब्रँचच्या पथकाने एका मारुती एस्टीमवर गोळ्यांचा वर्षाव केला. पथक एका गुंडाच्या मागावर होतं, गाडीत निघाले व्यावसायिक. दोघे मेले, तिसरा जखमी झाला. आधी गाडीतून गोळी आली, हा बचाव कोर्टांनी फेटाळला. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहायक पोलीस आयुक्त एस. एस. राठी आणि इतर नऊ पोलिसांची जन्मठेप कायम केली. गाडीत तोच गुंड असता, तरी सिग्नलला थांबलेल्या माणसाला असं ठार मारण्याची मुभा पोलिसांना मिळाली नसती.

अशा बहुतेक खटल्यांत दुसरी बाजू सांगणारा माणूस जिवंत नसतो, म्हणून तपास कोण करतो यावर सारं अवलंबून असतं. मुंबईतल्या १९९५ ते १९९७ दरम्यानच्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू यांवरून पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने कोर्टात लढा दिला. त्यावर २३ सप्टेंबर २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने १६ निर्देश दिले. चकमकीत मृत्यू झाला की एफआयआर नोंदवायचा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची, वापरलेली शस्त्रं तपासणीसाठी जमा करायची. चकमकीच्या पाठोपाठ बढती किंवा शौर्यपदक द्यायचं नाही, हेही त्यातच आहे.