आधी पाण्याची वाट, मग पत्रा

मुंबईच्या उपनगरांत दरड कोसळली किंवा नाला घरांत शिरला की सर्वांत आधी महापालिकेची शाळा उघडते. बाकं भिंतीला लागतात, सतरंज्या येतात, खिचडीची पातेली येतात. पण शाळेला वर्ग हवे असतात, आणि लवकरच प्रश्न उभा राहतो: आता या कुटुंबांना ठेवायचं कुठे? मग मोकळं मैदान शोधायचं, त्यावर पत्र्याच्या शेड किंवा कंटेनर उभे करायचे. मैदान निवडताना रस्ता आहे का, वीज आहे का, टँकर आत येईल का, हे बघितलं जातं. पडलेलं पाणी जाणार कुठे, हा प्रश्न बहुतेकदा शेड उभ्या राहिल्यावर, पहिल्या मोठ्या सरीत विचारला जातो. तोवर उशीर झालेला असतो.

हिशेब अवघड नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. अडीच एकरांचं, म्हणजे साधारण 10 हजार चौरस मीटरचं मैदान घ्या आणि तासाला 50 मिलिमीटर पाऊस धरा. तासाभरात 5 लाख लिटर पाणी झालं. दहा हजार लिटरचा एकेक टँकर सव्वा मिनिटाला रिता करत राहावं, तेवढं. यातलं काही जमिनीत मुरेल, अशी आशा मे महिन्यात ठीक आहे. जुलैत मुरूम आधीच तृप्त असतो, त्याखाली बेसाल्टचा कातळ असतो आणि वर पत्रे असतात. त्यामुळे सगळंच्या सगळं वाहणार, असं धरूनच आखणी करावी लागते. गावाकडे उपयोगी पडणारा शोषखड्डा इथे भर पावसाळ्यात नुसतं डबकं होतो.

50 मिलिमीटरचा आकडा मुंबईचाच आहे. शहराची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला 25 मिलिमीटर पाऊस, आणि तोही ओहोटीच्या वेळी, एवढ्याच हिशेबाने बांधलेली होती. या व्यवस्थेवरच्या 1993 च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ती क्षमता दुप्पट करायला सांगितलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेल्यावर त्या अहवालाची खरी आठवण झाली.

आता ते 5 लाख लिटर बाहेर काढायचे आहेत, म्हणजे सेकंदाला सुमारे 140 लिटर. मातीत खणलेला 40 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल चर, त्याला शंभर मीटरमागे एक मीटर उतार, असं असेल तर तो काठोकाठ भरून सेकंदाला साधारण 115 लिटर नेतो. म्हणजे एक चर पुरत नाही, दोन्ही कडांना एकेक हवा. उतार पाव केला की वाहून नेण्याची ताकद निम्मी होते. चरात प्लॅस्टिक आणि गवत साचलं की ती आणखी घटते. हा हिशेब करायची दोन सूत्रं एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये काम करणाऱ्या मल्व्हेनी आणि मॅनिंग या इंजिनिअरांनी दिली. सतत पाऊस झेलणाऱ्या देशातून ती यावीत, यात नवल नाही.

म्हणून आपत्तीनंतरच्या वसाहतींसाठी आंतरराष्ट्रीय संस्था जे निकष वापरतात, त्यांत जागेचा उतार 1 ते 5 टक्के असावा, असं सांगितलेलं असतं. त्याहून सपाट असेल तर पाणी हलत नाही, त्याहून तीव्र असेल तर ते मातीच घेऊन जातं. आणि इथे उपनगरांची अडचण सुरू होते. आपल्याकडे जी जागा अजून मोकळी आहे, ती बरेचदा पाण्यामुळेच मोकळी राहिलेली आहे. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची मिठागरं भरतीचं पाणी आत यावं म्हणून मुद्दाम सपाट आणि सखल केलेली जमीन आहे. घाटकोपर, विक्रोळी, मालाडचे डोंगर दुसऱ्या टोकाला. मधल्या पट्ट्यात दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या नद्यांचे काठ, तेही भिंतींनी आवळलेले.

डोंगराखालच्या जागेत मैदानावर पडणारं पाणी ही गोष्टीची निम्मीच बाजू. उरलेलं वरून येतं. 12 जुलै 2000 ला घाटकोपरच्या आझादनगरात डोंगराचा भाग झोपड्यांवर आला आणि साठहून अधिक माणसं गेली. 2 जुलै 2019 ला मध्यरात्रीनंतर मालाड पूर्वेला पिंपरीपाडा आणि आंबेडकरनगरावर जलाशयाच्या आवाराची भिंत कोसळली. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला सुमारे 375 मिलिमीटर पाऊस झाला होता. भिंतीमागे पाणी साठलं, भिंत पडली आणि साठलेलं पाणी एकदम वस्तीवर आलं. 2021 च्या जुलैत एकाच रात्री चेंबूरचं भारतनगर आणि विक्रोळी मिळून अशाच दुर्घटनांत जवळपास तीस बळी गेले.

भिंत पाण्यापुढे का हरते, हे बघण्यासारखं आहे. भिंतीमागे दोन मीटर पाणी साठलं तर प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे दोन टन रेटा येतो. तीन मीटर साठलं तर साडेचार टन. उंची दीडपट झाली, रेटा सव्वादोनपट. भिंतीत पाणी निघून जायला ठेवलेली भोकं, म्हणजे वीप होल, मातीने बुजली की भिंत अभावितपणे धरण होते, आणि धरणाचं काम तिला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून डोंगराखाली तात्पुरती वस्ती करताना पहिला चर वस्तीत नव्हे, वस्तीच्या वर, उताराला आडवा खणायचा. वरचं पाणी तिथेच अडवून बाजूने नाल्याकडे वळवायचं. हा चर नसेल तर खालच्या गटारांवर खर्च केलेला पैसा वायाच.

चराचं दुसरं टोक म्हणजे मुख, जिथे पाणी बाहेर पडतं. चर नाल्यात सोडला, पण समुद्राला मोठी भरती असेल तर नालाच उलटा फुगतो. मुंबईतल्या पर्जन्यवाहिन्यांची बहुतेक मुखं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. जुहूजवळच्या इर्ल्यासारखी पंपिंग स्टेशनं त्याचसाठी बांधावी लागली. तेव्हा आखणी मुखापासून सुरू करावी: आधी पाणी शेवटी कुठे पडणार आणि तिथली पातळी किती, मग चर, मग शेडची जागा. आपण नेमकं उलटं करतो.

शेडच्या आजूबाजूची कामं साधी आहेत, पण ती राहून जातात. जोतं निदान वीतभर उंच हवं, कंटेनर असेल तर तो ब्लॉकवर. 50 मिलिमीटरच्या पावसात वीस चौरस मीटरच्या छपरावरून तासाला हजार लिटर पागोळ्यांनी खाली येतं. ते शेजाऱ्याच्या दारात न पडता चरात पडेल, अशा अंतरावर ओळी ठेवाव्यात. नळाखाली फरशी आणि तिथून निघणारी नाली हवी, कारण पाऊस नसतानाही तिथे चिखल असतोच. संडास उताराच्या खालच्या अंगाला. साचलेलं पाणी रोगही आणतं. 2005 च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने मुंबईत किती माणसं नेली, हे डॉक्टर मंडळी अजून विसरलेली नाहीत. डेंग्यूच्या डासाला तर आठवडा-दहा दिवस उघडं राहिलेलं स्वच्छ पाणीही पुरतं.

‘चार महिन्यांपुरतंच आहे, एवढं कशाला?’ हा युक्तिवाद मुंबईत तरी करू नये. संक्रमण शिबिरांत इथे पिढ्या गेल्या आहेत. फाळणीनंतर निर्वासितांसाठी उभी राहिलेली मुलुंड कॉलनी आणि चेंबूर कॅम्प आजही आहेत.

के पूर्व, आर मध्य, एन, टी अशा प्रत्येक वॉर्डाने नालेसफाईबरोबरच आपली दोन मैदानं आधीच नक्की करून ठेवावीत. त्यांची लेव्हल काढावी, वरचा आडवा चर आणि कडेचे चर खणून ठेवावेत, मुख कुठे जोडणार ते नकाशावर लिहावं. एका मैदानाची लेव्हल काढणं हे सर्व्हेअरचं एक-दोन दिवसांचं काम आहे, फक्त ते मे महिन्यात व्हायला हवं.