घोणस चावली, तर लघवीवर लक्ष ठेवा

निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या शिवारात शेतीपंपाची वीज रात्रपाळीला असली, की पिकाला पाणी भरायला अंधारातच जावं लागतं. घोणसही रात्रीच भक्ष्य शोधत फिरते. दंश बहुधा पायावर होतो. पाय सुजतो, ठणकतो आणि घरच्यांचं सगळं लक्ष तिथेच लागतं. मूत्रपिंडं बंद पडू लागल्याचं कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाकाठी साधारण १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा पुन्हा रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा एकट्या मूत्रपिंडांकडे जातो. म्हणूनच रक्तातल्या विषाचा तडाखा त्यांना फार बसतो. घोणसीचं विष रक्त गोठवणारी यंत्रणा भलत्या वेळी चालू करतं. बारीक वाहिन्यांत गुठळ्या अडकतात, गोठण्याचं सामान संपतं आणि मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागतं. त्यात रक्तदाब उतरला, तर मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशी मरतात.

रुग्णालयातली पहिली तपासणी अगदी साधी आहे. कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन ते २० मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही, तर विष भिनलंय. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन पाहतातच, पण ते उशिरा वाढतं; पहिल्या दिवशीचा चांगला रिपोर्ट पाहून निर्धास्त होऊ नये. ४८ तासांत ते डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढलं, किंवा ६० किलोच्या माणसाला सलग सहा तास ताशी ३० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाली, तर मूत्रपिंडाला तीव्र इजा झाली असं डॉक्टर मानतात. माझ्या मते खाटेजवळचं लघवी मोजायचं भांडं इथे महागड्या यंत्राइतकंच मोलाचं आहे.

प्रतिविष जितकं लवकर मिळेल तितकं बरं. सलाइन बेताने द्यावं लागतं, कारण लघवी होत नसताना जादा पाणी फुप्फुसात साठतं. पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं. अशा वेळी डायलिसिस लागतं. डायलिसिस म्हटलं की घरचे हबकतात, आता हे जन्माचं मागे लागलं असं त्यांना वाटतं. तसं नसतं. नेदरलँड्समधल्या विलेम कोल्फ यांच्या यंत्राने १९४५ मध्ये पहिला जीव वाचवला, तोही अशाच अचानक बंद पडलेल्या मूत्रपिंडांच्या रुग्णाचा. नलिकांच्या पेशी पुन्हा वाढतात आणि बहुतेकांची लघवी काही आठवड्यांत पूर्ववत होते. मूत्रपिंडाचा बाहेरचा थरच मेला, तर मात्र नुकसान कायमचं राहतं.

म्हणून मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, पाय आवळून बांधू नका, दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅकची गोळी देऊ नका. १०८ला फोन करा, सरकारी रुग्णालय गाठा आणि शेवटची लघवी कधी, किती आणि कोणत्या रंगाची झाली, हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच त्यांना सांगा.